सोडलेला चहा

चहा सोडण्याचा संकल्प माणसाने फार तर आजारपणात करावा. प्रकृती धडधाकट असताना, आणि चहा स्वस्त होत असताना, गावेच्या गावे तो सोडतात म्हटले की दिवसातून तीनदा चहा घेणाऱ्या माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास वाचताना लढायांच्या पानांपेक्षा मी या चहाच्या पानांपाशीच अधिक रेंगाळतो, ते त्यामुळेच.

बोस्टनची कथा सर्वांना ठाऊक आहे. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या सुमारे ३४० पेट्या तीन जहाजांवरून पाण्यात गेल्या. कंपनी तीच, आपल्या ओळखीची. चहा मात्र चीनचा. गंमत अशी, की त्या वर्षीच्या नव्या कायद्यामुळे हा चहा चोरट्या चहापेक्षाही स्वस्त पडणार होता! भांडण किमतीचे नव्हतेच. पौंडामागे ३ पेन्सचा कर बसवणाऱ्या पार्लमेंटात आपला एकही प्रतिनिधी नाही, हे खरे शल्य होते.

पण मला वाटते, चहा फेकणे त्या मानाने सोपे. अंधार, गर्दी, हातात कुऱ्हाड आणि तोंडाला काजळी, एवढ्यावर एका रात्रीची मर्दुमकी निभावते. कठीण काम त्यानंतर रोज सकाळी असते. आधण तर ठेवले, आता त्यात टाकायचे काय? तिथल्या बायकांनी रासबेरीची पाने वाळवली, सेजची पाने उकळली. आपल्या गवती चहाचेच हे दूरचे भाऊबंद!

पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला जॉन ॲडम्स १७७४ च्या जुलैत घोड्यावरून पस्तीसेक मैलांची रपेट करून एका घरी उतरला. शिणलेल्या वाटसरूला चहा मिळेल का, असे त्याने विचारले. कर भरलेला नसला, चोरून आणलेला असला तरी चालेल, अशी पळवाटही सुचवली. वकीलच तो! घरच्या बाईने साफ नकार दिला आणि कॉफी पुढे केली. ॲडम्सने हे बायकोला पत्रात कळवले आहे. पुढाऱ्याची तत्त्वनिष्ठा त्या दिवशी एका गृहिणीने राखली.

त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला नॉर्थ कॅरोलिनातील एडेंटन गावच्या ५१ स्त्रियांनी विलायती मालावरच्या बहिष्काराला पाठिंबा देऊन खाली आपापल्या सह्या केल्या. लंडनमध्ये त्यांची टवाळी करणारे व्यंगचित्र निघाले. त्या चित्रात सही करणाऱ्या बायकांच्या मागे एक काळी दासी दौत घेऊन उभी आहे. चित्रकाराला हसायचे होते इतरांना. पण माझी नजर तिच्यावरच खिळते. स्वातंत्र्याच्या कागदाला शाई तिने पुरवायची, सही मात्र तिची नाही.

त्याच एडेंटनमध्ये १८१३ साली हॅरिएट जेकब्ज गुलाम म्हणून जन्मली. आजीच्या घराच्या माळ्यावरील अंधाऱ्या सापटीत ती जवळजवळ सात वर्षे लपून राहिली आणि १८४२ मध्ये उत्तरेकडे निसटली. १८६१ साली तिने आपली कहाणी स्वतः लिहून प्रसिद्ध केली. दौत धरणाऱ्या हातात लेखणी यायला त्या गावाला ८७ वर्षे लागली.