न झालेली वाटणी

एकत्र कुटुंबांत कोणी रागानें वेगळें निघण्याची भाषा करूं लागला, कीं मला कोबी ब्रायंट आठवतो. अमेरिकेंतील बास्केटबॉलमध्यें संघांचे चालक आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करितात. लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचा हा अग्रणी २००७ सालीं, संघ दुबळा राहिल्यानें वैतागला व आपणांस दुसरीकडे धाडावें, अशी उघड मागणी करूं लागला. चालकांनीं डेट्रॉइटच्या संघाशीं सौदा जुळविलाही. परंतु कराराप्रमाणें ब्रायंटची संमति अवश्य होती, व ती त्यानें दिली नाहीं. शिकागोशीं चाललेलें बोलणेंही फिसकटलें.

सौदा मोडला हा योग. मिळालेल्या सवडीचा उपयोग मात्र चालकांचा. त्यांनीं २००८ च्या फेब्रुवारींत मेम्फिसहून पाउ गॅसोल हा कसलेला खेळाडू आणिला. पुढें २००९ व २०१० सालीं अजिंक्यपद लेकर्सकडे आलें, आणि २०१६ सालीं ब्रायंट निवृत्त झाला तो त्याच संघांतून.

रुसणाऱ्याला घर सोडावयाचें असतेंच असें नाहीं. पुष्कळदां तें सुधारावें एवढेंच त्याला हवें असतें. म्हणून मला वाटतें, कर्त्या पुरुषानें वाटणीचा कागद लिहिण्यापूर्वीं त्याचें गाऱ्हाणें नीट ऐकावें. तें खरें असण्याचा संभव असतो.