परतीचे तिकीट

समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाला समुद्राचे अप्रूप नसते. आम्हां घाटावरच्यांना ते असते. मग ज्यांच्या देशालाच समुद्र नव्हता, त्यांना ते किती असेल! वर्गात युरोपचा नकाशा टांगला की माझी पट्टी पोलंडवर अंमळ रेंगाळते, ती यामुळेच.

१७९५ साली तीन शेजाऱ्यांनी हा देश वाटून घेतला. तो नकाशावर परत आला १९१८ मध्ये. मग १९२० च्या फेब्रुवारीत जनरल हालर यांनी पुत्स्क गावी बाल्टिकच्या पाण्यात अंगठी टाकली आणि देशाचे समुद्राशी लग्न लावले. आमचे कोळीबांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात. या मंडळींनी अंगठी वाहिली, एवढाच काय तो फरक!

पण वाट्याला आलेला किनारा तो केवढा! हेलचा वाळूचा सुळका धरूनही दीडशे किलोमीटर भरत नव्हता. पाणी गार, उन्हाळा आखूड. मग ऐपतदार पोल परक्या किनाऱ्यांकडे निघाले. हाकेच्या अंतरावर डान्झिगच्या स्वतंत्र नगरराज्यातले सोपोट होते. तिथे पाचशे मीटरांहून लांब लाकडी धक्का आणि १९२० पासून जुगाराचा अड्डाही! ज्यांना ऊन हवे ते तेव्हा इटलीत असलेल्या ओपातियाला किंवा फ्रान्सच्या रिव्हिएराला जात. खुद्द मार्शल पिल्सुडस्की १९३० च्या डिसेंबरात विश्रांतीसाठी मदेइरा बेटावर गेले. काळ्या समुद्रावर बल्गेरियाचे वार्ना होते. १४४४ साली तिथल्या लढाईत पोलंडचा वीस वर्षांचा राजा पडला होता. १९३५ मध्ये तिथे त्याचे स्मारक उभे राहिले, म्हणजे समुद्रस्नान आणि तीर्थयात्रा दोन्ही एकाच फेरीत!

अर्थात हे सारे पैसेवाल्यांचे. पासपोर्टाची फी इतकी जबर, की माझ्यासारख्या मास्तराने आकडा ऐकूनच ट्रंक माळ्यावर परत टाकली असती. १९३६ मध्ये परकीय चलनावरही निर्बंध आले. त्याच वर्षी 'बातोरी' ही देखणी बोट धावू लागली. ती बांधली इटलीत आणि तिच्या किमतीचा काही भाग चुकता केला पोलंडच्या दगडी कोळशाने. हीच बोट पुढे १९५१ पासून काही वर्षे मुंबईच्या बंदरात ये-जा करीत असे.

"सर, त्या देशातली मुलं शंखशिंपले कुठून आणायची?" असे एकदा एका पोराने मला विचारले. "दुसऱ्याच्या वाळूतून," मी म्हणालो. वर्ग हसला, मला मात्र हसू आले नाही.

कारण पुढची तारीख मला ठाऊक होती. १ सप्टेंबर १९३९ ला पश्चिमेकडून जर्मन फौजा शिरल्या, १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत. वाट उरली रुमानियाची. काळ्या समुद्रावरची कॉन्स्टान्त्सा आणि तेव्हा रुमानियात असलेले बाल्चिक ही हौसेने जाण्याची गावे. तिथूनच आता पोलिश सैनिक बोटींत चढले. सरकारी बँकेचे सोनेही कॉन्स्टान्त्साहूनच बाहेर पडले. समुद्र तोच, वाळू तीच. पण या खेपेला कुणाच्या खिशात परतीचे तिकीट नव्हते.

सोव्हिएतांनी हद्दपार केलेले हजारो पोल पुढे इराणमार्गे बाहेर पडले. त्यांतले सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुले, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ पर्यंत राहिले. पोरे इथल्या उन्हात वाढली, शाळेत गेली. पण त्यांच्या मुक्कामाला सहल कोण म्हणेल?

सहलीची गोडी समुद्रात असते, असे आपण समजतो. मला वाटते, ती घराच्या कुलपात असते. आपण लावलेले कुलूप आपल्याच हाताने उघडता येणार, या भरवशावर माणूस लाटांत निर्धास्त शिरतो. वीस वर्षे त्या लोकांना हा भरवसा लाभला आणि एका महिन्यात तो गेला.

या दिवाळीच्या सुटीत तुम्ही कोकणात उतराल, गोव्याला जाल. पोरे ओले कपडे आणि वाळूने भरलेले खिसे घेऊन घरी येतील. घरभर वाळू झाली म्हणून त्यांना रागावू नका. ती वाळू परत घरी आली, हेच मोठे भाग्य.