जुनी मोटार किती भरवशाची?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. धानाची मळणी आटोपत आली होती आणि काहींच्या खात्यात चुकारेही जमा झाले होते. सावली तालुक्यातल्या माझ्या ओळखीचे एक शेतकरी सकाळीच घरी आले. पाच एकर धान, थोडी तूर, घरी म्हातारी आई. आईचे मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी चंद्रपूरला न्यावे लागते. जाण्याचे साठेक किलोमीटर, येण्याचे तेवढेच. एस.टी.ने म्हातारीचे हाल होतात. त्यांना नागपूरची एक बावीस वर्षांची जुनी मोटार स्वस्तात मिळत होती. डिकीची, लांबट, घरची माणसे ऐसपैस बसतील अशी. फोटोत ती नव्यासारखी चकाकत होती.

ते म्हणाले, "साहेब, तुमची फियाट चाळीस वर्सं चालून राह्यली. मंग आमाले बावीस वर्साची गाडी घ्याले काय हरकत हाय जी?"

प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर माझ्या पडवीतच उभे होते. १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. मी ती १९९८ मध्ये एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली. आमच्या भागात तिला कोणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. मूळची इटलीची ही गाडी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या कंपनीच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. एक काळ असा होता की पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी लागे. पुढे नव्या गाड्या आल्या आणि शतक पालटता पालटता तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाल्या. माझी मात्र अजून चालू आहे, आणि सणावाराला तिच्यातून देवदर्शनाला जाताना मला अभिमान वाटतो, हे कबूल करतो.

पण अभिमानाने सल्ला देऊ नये, हे मी खात्याच्या नोकरीत शिकलो आहे. पीक कापणी प्रयोगाला गेलो की शेतकरी आम्हाला हमखास तलावाखालच्या भरघोस बांधीकडे नेतो. "साहेब, इथंच कापा." पण आम्हाला तसे करता येत नाही. चिठ्ठीने जो तुकडा निघेल तोच कापायचा, मग तिथे तुडतुड्याने करपलेला धान का असेना. जुन्या मोटारीच्या बाबतीत आपण सगळे तलावाखालची बांधीच पाहतो. रस्त्यावर दिसते ती टिकलेली गाडी, आणि गोष्ट सांगतो तो तिचा मालक. त्याच वर्षी कारखान्यातून निघालेल्या बाकीच्या गाड्या कधीच भंगारात गेल्या. त्यांचे मालक गप्पांत नसतात.

म्हणून मी त्यांना म्हटले, "भाऊ, आठ दिवस थांबा. दोन-चार जुन्या गाडीवाल्यांना विचारून सांगतो."

तसे आमच्याकडे हे लोक मोजकेच. आरमोरीला एका राईसमिलच्या मालकांकडे ॲम्बॅसॅडर आहे. पेट्रोलवरची, वडिलांनी घेतलेली. त्यांचे म्हणणे असे की सांगाडा भक्कम आहे, धानाची पोती मागच्या सीटवर टाकून नेली तरी तक्रार नाही. पण २००० सालानंतर इंजिनाची ताकद कमी होऊ लागली. टॅपेटचे अंतर पुन्हा पुन्हा मिटायचे. कारण त्यांना फार उशिरा समजले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिशामुळे हवा खराब होत होती, ते गेले हे चांगलेच झाले. पण बिडाच्या हेडच्या जुन्या इंजिनांत तेच शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीला राखत असे. ते गेल्यावर व्हॉल्व्ह बैठकीत रुतू लागला. नागपूरला हेड नेऊन कठीण धातूच्या बैठका बसवल्या तेव्हा ते दुखणे थांबले. गाडी तीच, मालक तोच, चालवणे तेच. बदलले ते पेट्रोल.

आलापल्लीकडच्या एका तेंदूपत्ता ठेकेदारांची गोष्ट वेगळी. त्यांची डिझेलची ॲम्बॅसॅडर सिरोंच्याच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे चालली. तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. मागे पाटे, खाली जागा भरपूर, आणि डिझेल इंजिन म्हणजे ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हातातला खेळ. पण गेली सहा-सात वर्षे ती ताडपत्रीखाली उभी आहे. मोडली म्हणून नाही. तिचा मिस्त्री वारला आणि त्याचा मुलगा मोबाईलच्या दुकानात बसतो. "गाडी कोठं टिकली जी," ठेकेदार म्हणाले, "टिकला होता तो मिस्त्री."

सगळ्यात उपयोगाची माहिती मिळाली ती ब्रह्मपुरीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांकडून. त्यांच्याकडे २००१ ची मारुती एस्टीम आहे. पंचवीस वर्षे झाली, इंजिन अजून उघडलेले नाही. मी विचारले, सुटे भाग मिळतात का? ते हसले. ताडोबात पर्यटकांना वाघ दाखवत ज्या जिप्सी गाड्या फिरल्या, त्यांचे तेराशे सी.सी.चे इंजिन याच घराण्यातले. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यात या इंजिनाची नस ओळखणारे हात आहेत आणि इंजिनाचा भागही सहसा अडत नाही. काचा, दिवे, दारांचे रबर मात्र शोधत फिरावे लागते. आणि पत्रा! चटया उचलल्या तर पायाखाली गंज. पावसाळ्यात चिखल आत येतो, चटईखाली ओल धरून बसते, आणि वरून पॉलिश मारलेली गाडी खालून कुजत जाते. मुख्याध्यापकांनी दोनदा खालचा पत्रा कापून नवा जोडून घेतला आहे.

हे ऐकून आल्यावर माझ्या स्वतःच्या गाडीची वही काढली. ती वही मी २००३ पासून ठेवतो. का ठेवतो, ते सांगणे भाग आहे.

२००३ चा जुलै. तेव्हा आम्ही सिंदेवाही भागात राहायचो. रोवणा चालू होता. शेजारच्या शेतात काम करणाऱ्या एका गड्याला संध्याकाळी बांधीत साप चावला. १०८ ची गाडी तेव्हा नव्हती. गावात चारचाकी माझीच. त्याला मागच्या सीटवर घातले, सोबत त्याची बायको, आणि मूलच्या सरकारी दवाखान्याकडे निघालो. राजोलीच्या पुढे जंगलात तांबडा दिवा लागला, काटा वर चढला, समोरून वाफ आली. फॅन बेल्ट तुटला होता. तो बेल्ट तडकलेला आहे हे मी महिनाभर आधी पाहिले होते. बदलू, बदलू म्हणत राहिलो. पन्नास-साठ रुपयांची वस्तू. त्यात कारखान्याचा दोष नव्हता, गाडीचाही नव्हता.

त्या अंधारात आम्ही किती वेळ उभे होतो ते आजही सांगता येत नाही. दहा मिनिटे असतील, वीस असतील. मग एक ट्रक आला, त्याने दोघांना उचलून नेले. गडी वाचला. पुढे अनेक हंगाम तो त्याच बांधीत रोवण्याला येत राहिला. त्या बाईने मला कधी बोल लावला नाही, उलट भेटली की "साहेब, तुमच्यामुळं" असेच म्हणायची. ते ऐकताना मला मान वर करता येत नसे.

दुसऱ्या दिवसापासून वही सुरू केली. कधी काय बदलले, किती किलोमीटरला बदलले, रस्त्यात कधी थांबली आणि का. या वहीप्रमाणे २००३ पासून आजवर गाडी सुमारे ४६ हजार किलोमीटर चालली आणि रस्त्यात २३ वेळा बंद पडली. पंक्चर यात धरलेले नाही. त्यात ७ वेळा उन्हाळ्यात. आमच्याकडच्या ४७ अंशांच्या उन्हात इंजिनालगतच्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पुढे पेट्रोल चढत नाही. पंपावर ओले फडके टाकून झाडाखाली अर्धा तास बसायचे, एवढाच इलाज. ५ वेळा पॉइंट-कंडेन्सर, ४ वेळा पाण्याची रबरी नळी, ४ वेळा बॅटरी, एकदा उंदरांनी वायर कुरतडली. उरलेल्या २ वेळा पेट्रोल संपले होते, ते मी कोणाला सांगत नाही. या सगळ्यांत इंजिन म्हणून इंजिन एकदाही बसले नाही, आणि म्हणूनच मी चारचौघांत "कधी दगा दिला नाही" असे बेलाशक सांगत आलो.

वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. ४६ हजारांत २३ वेळा, म्हणजे दर दोन हजार किलोमीटरला एकदा. मी वर्षाला दोन हजारच चालवतो, म्हणून मला वर्षातून एकदा त्रास होतो आणि तो विसरता येतो. पण म्हातारीचे आठवड्याला दोन फेरे, म्हणजे वर्षाला १०४. दर फेरीला १२० किलोमीटर. एकूण साडेबारा हजारांच्या आसपास. माझ्या भरवशाच्या फियाटने हे काम केले असते तर ती आई वर्षातून सहा वेळा रस्त्यावर अडकली असती. कदाचित चिचपल्लीच्या जंगलात, कदाचित मे महिन्यात. डायलिसिसचा दिवस काही ओल्या फडक्यावर ढकलता येत नाही.

ते शेतकरी आले तेव्हा ही वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बोटाने ओळी मोजल्या. मग एकच म्हणाले, "मंजे साहेब, तुमी आमाले आतापर्यंत अर्दंच सांगत होते."

नागपूरच्या त्या गाडीचा विषय तिथेच मिटला. दुसरीही कारणे होती. कागद पाहिला तर तिची नोंदणी तीन वर्षांत संपत होती. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीसाठी ही फी ५ हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १० हजार. पर्यावरण कर वेगळा. स्वस्त म्हणून घेतलेली गाडी अशी हळूहळू आपली किंमत वसूल करते.

शिवाय आताचे पेट्रोल. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसापासून होते, मक्यापासून होते आणि तांदळाच्या कणीपासूनही. म्हणजे आपल्याच शेतातला माल, त्याबद्दल वाईट कसे बोलावे! पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीत पाणी साचून गंज धरू शकतो. जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्या, वॉशर, कार्बोरेटरमधले पडदे त्याने फुगतात, भेगाळतात. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत त्याला सोसणारे भाग असतात. जुनी गाडी वापरणाऱ्याने पेट्रोलच्या सगळ्या नळ्या एकदा बदलून घ्याव्यात. जुनी नळी पाझरली तर प्रश्न केवळ गाडी बंद पडण्याचा राहत नाही, आगीचा होतो.

मग आम्ही दोघांनी मिळून दुसरी गाडी शोधली. मूलच्या मिस्त्रींना सोबत घेतले. चंद्रपूरची नऊ वर्षांची, डिकीवालीच. मिस्त्रींनी आधी रंग पाहिलाच नाही. चटया उचलल्या, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून ओल पाहिली, चेसिस नंबर आर.सी.बुकाशी जुळवला. रात्रभर थंड राहिलेले इंजिन सकाळी समोर सुरू करायला लावले. आधीच गरम करून ठेवलेली गाडी पाहायची नाही, असा त्यांचा दंडक. धूर निळा नाही, ऑइलला दुधाळ रंग नाही. मग मूलहून गडचिरोलीपर्यंत जाऊन परत आलो. तिचे सगळे भाग चंद्रपुरात मिळतात हे दुकानात जाऊन विचारले. भाव नागपूरच्या गाडीच्या तिपटीहून जास्त होता. चुकाऱ्यात भागले नाही, भावाकडून काही घ्यावे लागले. त्यांच्या घरी या खर्चावरून दोन दिवस अबोला होता, असे मला नंतर समजले. मला त्याचे वाईट वाटले, पण सल्ला बदलावा असे वाटले नाही.

गाडी घेतली त्या दिवशी त्यांनी नारळ फोडला आणि मी त्यांना शंभर पानी वही दिली. गेल्या आठवड्यात ती पाहिली. मुलीच्या अक्षरात तारखा, किलोमीटर, ऑइल बदलल्याची नोंद. रस्त्यात थांबल्याची नोंद एक आहे : रेल्वे फाटक बंद. मी म्हटले, ही यात धरायची नसते. ती म्हणाली, "आजीनं लिहायला लावली."

माझी फियाट यंदा, २०२६ मध्ये, सहाव्यांदा पासिंगला जायची आहे. १० हजार रुपये फी भरून ती ठेवावी का, यावर घरात दोन मते आहेत. माझे मत बहुमतात नाही. तरी पेट्रोलच्या नळ्या बदलून घेतल्या आहेत. फॅन बेल्टही नवा घातला आहे, आणि एक जास्तीचा डिकीत ठेवला आहे.