टायमिंग किती?

पोहण्याच्या शर्यतीत कृत्रिम पाय चालत नाही. ब्लॉकमागे तो काढून ठेवायचा, एका पायावर तोल सांभाळत वर चढायचं आणि शिट्टीकडे कान लावायचे. प्रेक्षक तेवढ्यावरच टाळ्या वाजवतात. शर्यत अजून सुरूही झालेली नसते!

मी उत्तनचा, कोळ्याच्या घरातला. पोहायला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. नांगरलेल्या होडीपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. कॉलेजात असताना रेल्वे अपघातात उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला. जखम पूर्ण भरल्यावर वडिलांनी फार काही न बोलता मला किनाऱ्यावर नेलं. पाण्यात मी तरंगलो, पण सरळ जाता येईना.

पुढे शर्यतींसाठी तलावात उतरलो, तर तिथे समुद्राचं पोहणं उपयोगाचं नव्हतं. समुद्रात लाट बघत, डोकं वर ठेवून पोहतात; तलावात डोकं वर राहिलं की कंबर बुडते. त्यात एकच पाय मारला की अंग फिरतं आणि आपण लेनच्या दोरीवर जाऊन आदळतो. माझ्या प्रशिक्षक सरांनी कित्येक महिने वेग हा शब्दच काढला नाही. डावा पाय थोडा आत, शरीराच्या मधल्या रेषेकडे मारायचा आणि तो उजव्या हाताच्या ओढीशी जुळवायचा, एवढंच घोटून घेतलं. त्यासाठी पहाटे उत्तनहून बसने भाईंदर स्टेशन, तिथून लोकलच्या दिव्यांग डब्यातून दादर. शिवाजी पार्कच्या तलावात उतरेपर्यंत निम्मा दमलेला असायचो.

मग क्लासिफिकेशन, म्हणजे कोणत्या गटात पोहायचं ते ठरवणं. टेबलावर झोपवून स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, उरलेल्या मांडीची लांबी तपासतात. नंतर पाण्यात पोहायला लावतात आणि पुढे प्रत्यक्ष स्पर्धेतही नजर ठेवतात. शारीरिक अपंगत्वाला एस१ ते एस१०, दृष्टिदोषाला एस११ ते एस१३, बौद्धिक अपंगत्वाला एस१४. एस१ ते एस१० मध्ये आकडा जितका लहान तितकी मर्यादा मोठी. मला फ्रीस्टाइलला एस९ मिळाला आणि ब्रेस्टस्ट्रोकला एसबी८, कारण ब्रेस्टमध्ये पायांचा वाटा मोठा असतो. तपासणीच्या या खोलीत कुणी हळहळत नाही. मला ती आवडली.

बाहेर मात्र कौतुकाचा पूर. सोसायटीत, मंडळात, गणपतीत शाल आणि नारळ. ‘एवढं होऊनही पोहतो हो!’ टायमिंग किती आलं, हे कुणीही विचारत नाही. मी शेवटचा आलो काय नि पहिला आलो काय, शाल तीच.

२०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ हा मुरलीकांत पेटकरांवरचा चित्रपट आला तेव्हा आम्ही भावंडं बघायला गेलो. परतताना सगळे पेटकरांना १९६५ च्या युद्धात लागलेल्या गोळ्यांविषयी बोलत होते. मला त्यांचे ३७.३३ सेकंद पाठ आहेत. १९७२, हायडेलबर्ग, ५० मीटर फ्रीस्टाइल, तेव्हाचा विश्वविक्रम. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचा हा गडी मुळात सैन्यातला बॉक्सर. १९६८ च्या तेल अवीव पॅरालिम्पिकला तो टेबल टेनिस खेळला आणि चार वर्षांनी पाण्यात जिंकला. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं. सोळा वर्षांच्या भाच्याने विचारलं, ‘मामा, तुला पन्नासला किती लागतात?’ मी सांगितलं. ‘म्हणजे पेटकरांपेक्षा फास्ट?’ म्हटलं, अरे, त्यांचा वर्ग वेगळा, कमरेखालची ताकद गेलेली. असं आडवं मोजत नाहीत. तरी बरं वाटलं. हिशेब तरी झाला.

बातम्यांतही पोहणं असंच मागे राहतं. नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करणाऱ्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिको सिटीत जागतिक पॅरा स्पर्धेचं सुवर्ण आणलं, २०० मीटर मेडलेत. त्यांच्या एस११ गटात सगळ्यांनाच काळे गॉगल घालावे लागतात. भिंत जवळ आली की काठावरचा माणूस काठीच्या टोकाने स्पर्श करून सांगतो. तो स्पर्श अर्धा हात उशिरा झाला तर डोकं भिंतीवर. त्यांच्यावरच्या बातम्यांत या काठीचा उल्लेख मला क्वचितच सापडला.

माझं सध्या वळणावर काम चाललंय. एका पायाने भिंत ढकलली की शरीर तिरकं सुटतं आणि पहिले दोन स्ट्रोक ते सरळ करण्यात जातात. सर म्हणतात, पाऊल भिंतीवर डावीकडे नको, बरोबर कमरेच्या मागे टेक. शंभर मीटरला, लहान तलावात, असं तीनदा करायचं असतं. पहिली दोन आता बऱ्यापैकी जमतात. तिसऱ्याला मांडी भरून येते.