ढील

मालवणच्या एका घरात दिवाळीच्या सुट्टीत रोज दुपारी मासेमारी चाले. तिला होडी लागत नसे, की पाण्याचा थेंब लागत नसे. ओटीवरच्या मेजावर संगणकाचा पडदा उजळे, त्यावर धुक्याने वेढलेले एक दूरदेशीचे सरोवर उमटे आणि सातवीतला एक मुलगा त्याच्या काठी जाऊन बसे. पाठीमागे झोपाळ्यावर त्याचे आजोबा असत. त्यांनी चाळीस वर्षे समुद्रात गरी टाकली होती. नातवाच्या या कोरड्या मासेमारीकडे ते प्रथम हसून पाहत. पुढे पुढे हसणे मावळले आणि नुसते पाहणे उरले.

खेळ दिसतो तितका सोपा नव्हता. मासा गळाला लागणे हा त्यात केवळ आरंभ होता. पडद्याच्या कडेला एक उभी पट्टी होती. तंगुसावरचा ताण वाढू लागला की ती हिरव्याची पिवळी होई, पिवळ्याची तांबडी होई. आणि क्षणभर तांबडी राहिली की तंगूस तुटे. त्या आठवड्यात मुलाच्या हातून एकच मासा चार वेळा निसटला होता. तो एकच होता कशावरून, असे विचारणाऱ्याचा त्याला राग येई. आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला तो एक कार्प होता आणि मुलाच्या अंदाजाने त्याचे वजन ९ किलो होते. तंगूस मात्र ६ किलोंचाच ताण सोसणारा. “सहा किलोंच्या तंगुसाने नऊ किलोंचा मासा येईलच कसा?” असे तो चिडून म्हणे, आणि ऐकणाऱ्याला ते पटेही.

परंतु हे गणितच चुकीचे होते. माशाचे वजन पाणी पेलते. तंगुसाला पेलावी लागते ती फक्त त्याची ओढ. ही ओढ तंगुसाच्या शक्तीबाहेर जाऊ नये, यासाठी रिळात एक सोय केलेली असते. तिला ड्रॅग म्हणतात. रिळाच्या पोटात एकावर एक चकत्या बसविलेल्या असतात आणि बाहेरची कळ फिरविली की त्या एकमेकींवर दाबल्या जातात. दाब जितका अधिक, तितके घर्षण अधिक. माशाची ओढ या घर्षणाहून कमी असेल तोवर रीळ स्थिर राहते. ओढ वाढली की चकत्या घसरतात, रीळ उलटे फिरते आणि तंगूस सुटू लागतो. तंगूस जितका ताण सोसू शकतो त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ड्रॅग लावावा, असा जाणत्यांचा प्रघात आहे. म्हणजे ६ किलोंच्या तंगुसाला दीड ते दोन किलो. बाकीची शक्ती गाठीसाठी आणि अवचित हिसक्यासाठी राखून ठेवायची; गाठ मारली की तंगूस त्या जागी थोडा दुबळा होतोच.

मुलाला हे सर्व वाचून ठाऊक होते. तरीही मासा धावू लागला, रीळ करकरू लागले, की त्याची बोटे आपोआप कळ आवळीत. आपले काही तरी दूर चालले आहे, हे दिसत असताना हात सैल सोडणे फार कठीण! आणि नेमके तेव्हाच आवळणे घातक असते. खऱ्या रिळावर तर याचे कारण भूमितीतच दडलेले आहे. तंगूस सुटत गेला की रिळावरचे वेढे कमी होतात आणि उरलेल्या गुंडाळीचा व्यास लहान होतो. व्यास निम्मा झाला की तेच घर्षण ओलांडायला दुप्पट ओढ लागते. कळेला कोणी बोटही न लावता दोन किलोंचा ड्रॅग चार किलोंचा होऊन बसतो. शिवाय पाण्यात ताणलेल्या लांबच लांब तंगुसाला पाण्याचा विरोध होतो, तो वेगळाच. म्हणून मासा दूर गेला की जाणता माणूस कळ किंचित सैल करतो. संक्रांतीला पतंग उडविणाऱ्या मुलांना ढील म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. तथापि पतंगाला ढील देणारी बोटे माशाला ती द्यायला का कचरतात, कोण जाणे.

पाचव्यांदा तंगूस तुटला तेव्हा झोपाळा थांबला.

“आमच्या वेळी हे रीळ नव्हते,” आजोबा म्हणाले. “आमचा ड्रॅग म्हणजे हीच बोटे.”

त्यांनी उजवा तळहात पुढे केला. करंगळीखालून अंगठ्याच्या मुळापर्यंत एक पांढरी रेघ गेली होती. ती मुलाने जन्मापासून पाहिली होती. पण ती कशाची, हे त्याने कधी विचारले नव्हते. एका रात्री सिंधुदुर्गाजवळच्या खडकांत एक मोठा गोबरा गरीला लागला होता. गोबरा खडकातल्या आपल्या कपारीत शिरतो आणि मग तंगूस खडकावर घासून तुटतो. तसे होऊ नये म्हणून तरुण आजोबांनी तंगूस हाताला दोन वेढे देऊन घट्ट धरला. मासा गेलाच.

“सोडला असता तर?” मुलाने विचारले.

“तरीही गेला असता, बाळा. पण मग पुढचे तीन महिने तुझ्या आजीला मला भरवावे लागले नसते.”

हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली आणि पु. ल. देशपांडे यांनी ती ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. तिच्यातल्या म्हाताऱ्या कोळ्याजवळही रीळ नाही. त्याची पाठ आणि त्याचे हात हाच त्याचा ड्रॅग.

मग आजोबा खुर्चीवर बसले. त्यांचा पहिला तंगूस मुलापेक्षाही लवकर तुटला! त्यांचे डोळे पाण्यावर होते, पट्टीकडे नव्हतेच; आणि कळफलकावरच्या बोटांना ओढीचा पत्ता लागत नव्हता. हे वैगुण्य खेळ करणाऱ्यांनाही जाणवले असले पाहिजे. जपानच्या सेगा कंपनीने १९९७ साली खेळघरांसाठी मासेमारीचा एक खेळ काढला, तेव्हा त्याला चक्क गळाची काठी जोडली होती. आणि १९९९ साली घरच्या यंत्रासाठी मूठ फिरविता येणारे, हातात थरथरणारे एक रीळ दिले. या ओटीवर असले काही नव्हते. तेव्हा मुलाने एक तोड काढली. पट्टीचा रंग त्याने मोठ्याने सांगायचा, आणि काय करायचे ते आजोबांनी ठरवायचे.

“हिरवा… हिरवा… पिवळा!” आजोबा हात आवरीत. मासा थांबला की काठी हळूच उचलीत आणि ती खाली नेताना सैल पडलेला तंगूस गुंडाळून घेत. वीस मिनिटे हे चालले. कार्प अगदी काठाशी आला, त्याची पाठ दिसली, आणि एकाएकी उलटून तो सुसाट सुटला. “तांबडा! आजोबा, आवळा, आवळा!” मुलगा ओरडला. आजोबांनी कळ दोन घरे सैल केली. रीळ ओरडत राहिले. पट्टी पिवळी झाली, मग हिरवी.

मासा जाळीत आला तेव्हा पडद्यावर वजन उमटले: ८ किलो ४०० ग्रॅम. मुलाने ते दोनदा वाचले. हा तो मासा नव्हे, असे त्याचे मत पडले. तो याहून निश्चित मोठा होता. आजोबांनी त्यावर वाद घातला नाही. मासा परत पाण्यात सोडायचे बटण कोणते, ते मात्र त्यांनी विचारून घेतले, आणि मुलगा खुर्ची मागतो आहे तोवर नवे आमिष लावलेसुद्धा.