अब्बांची आरएक्स हंड्रेड

पालघरहून बोईसरच्या उर्दू शाळेत आम्ही रोज अब्बांच्या आरएक्स हंड्रेडवर जातो. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली यामाहाची ही गाडी. इंजिन अवघे ९८ सीसी, पण पळायला वारा! तिला पेट्रोलबरोबर टू-टी ऑईलही लागते, रिंगा झिजतात, खाऱ्या हवेने सायलेन्सर गंजतो. २०२५मध्ये वीस वर्षांवरील मोटारसायकलच्या पुनर्नोंदणीचे शुल्कही २,००० रुपये झाले. बेगम म्हणतात, "एवढ्यात लोकलचा पास वर्षभर निघेल." खरे आहे. पण याच टाकीवर बसून आम्ही पहिल्यांदा शाळेत गेलो होतो.

गेल्या महिन्यात रिंगांपायी मुलीच्या दप्तराचे पैसे मोडले, तेव्हा मान खाली गेली. अब्बांनी असे कधी केले नसते. आता आधी दप्तर, मग गाडी, तोवर लोकल.