पुढचा कोच कोण?

मोहमेडन स्पोर्टिंगचा पुढचा कोच कोण असावा, या एका प्रश्नावर कोलकात्याचे माझे एक स्नेही तासभर सहज बोलू शकतात. वयानं मोठे आहेत, मी त्यांना भाईजान म्हणतो. चामड्याच्या पिशव्यांचा छोटा धंदा आहे. जानेवारी २०२५ च्या अखेरीस रशियन कोच आंद्रे चेर्निशोव्ह क्लब सोडून गेले, तेव्हापासून आमच्या फोनवर दुसरा विषय टिकत नव्हता. मुलाबाळांची चौकशी दोन मिनिटांत आटोपायची आणि मग, "तुमच्या मते कुणाला आणावं?"

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठापेठांचे, तालमींचे फुटबॉल संघ आहेत. शाहू स्टेडियमवर संघ हरला की दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर उभा असलेला प्रत्येक माणूस कोच असतो. त्यामुळे भाईजानांचा आवेश मला नवा नाही. पण मोहमेडनची गोष्ट निराळी आहे. हा नुसता क्लब नाही, एका समाजानं आपला मान ज्याच्याकडे ठेवायला दिला, असा तो क्लब आहे.

क्लब १८९१ चा. १९३४ साली कोलकाता लीग जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. गोऱ्या पलटणींच्या संघांना मागे टाकून १९३८ पर्यंत सलग पाच वर्षं ही लीग त्यानं आपल्याकडे ठेवली. याच क्लबचे मोहम्मद सलीम १९३६ मध्ये स्कॉटलंडला गेले आणि सेल्टिकच्या राखीव संघाकडून अनवाणी खेळले. १९४० मध्ये ड्युरँड कप जिंकणारा लष्कराबाहेरचा पहिला भारतीय संघही हाच. त्याच वर्षी मुंबईत येऊन त्यांनी रोव्हर्स कपही नेला. एवढा वारसा असलेल्या संघाची घसरण किती लांब असू शकते पाहा. १९८१ नंतर कोलकाता लीग पुन्हा जिंकायला २०२१ उजाडलं. मधल्या काळात राष्ट्रीय पातळीवर खालच्या विभागात वर्षं काढावी लागली. २०१४ मध्ये तर पैसे नाहीत म्हणून संघच बंद करण्याची पाळी आली.

भाईजानांच्या अड्ड्यावर कोचच्या प्रश्नावर तीन तट आहेत. पहिला तट म्हणतो, परदेशी कोचच हवा, शिस्त तोच लावतो. दुसरा म्हणतो, बंगालचं मैदान ओळखणारा, चिखलात खेळलेला स्थानिक माणूस आणा, दुभाष्या लागणार नाही. तिसरा तट जरा आवाज खाली करून बोलतो: आपला माणूस आणा. 'आपला' म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ते कळलेलं असतं.

या तिन्ही तटांना उत्तर द्यायला क्लबचा अलीकडचा इतिहास पुरेसा आहे. २०२० ते २०२५ या काळात प्रशिक्षकाच्या खुर्चीत निदान सहा वेगवेगळी माणसं बसली. त्यांत स्पॅनिश होते, रशियन होते, बंगाली होते. शंकरलाल चक्रवर्तींसारखा बंगालचा अनुभवी माणूस होता, काश्मीरचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू मेहराजुद्दीन वाडूही होते. म्हणजे परदेशी झाला, स्थानिक झाला, 'आपला'ही झाला. औषध बदलून पाहायचं बाकी राहिलेलं नाही.

त्यातही चेर्निशोव्ह यांचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. त्यांच्याच हाताखाली २०२१ ची कोलकाता लीग आली. त्यांच्याच हाताखाली ६ एप्रिल २०२४ रोजी शिलाँगमध्ये संघानं आय-लीगचं विजेतेपद नक्की केलं आणि देशातल्या सर्वोच्च लीगचं, आयएसएलचं, दार उघडलं. रमजानचे शेवटचे रोजे चालू होते, ईद चार-पाच दिवसांवर होती. भाईजान त्या रात्री फोनवर चक्क रडले. पुढच्या हंगामात हेच कोच, क्लब हाच, चाहतेही हेच. आणि निकाल? तेरा संघांमध्ये तेरावा नंबर, २४ सामन्यांत फक्त २ विजय.

मग वर्षभरात बदललं काय? लीग वरची झाली, खर्च वाढला, आणि खर्च कुणी करायचा यावर क्लबचे पदाधिकारी आणि गुंतवणूकदार यांच्यात ओढाताण सुरू झाली. खेळाडूंचे पगार थकले. जानेवारीत त्यांनी सरावाला उतरायला नकार दिल्याच्या बातम्या आल्या. कोचनं जाताना कारण सांगितलं तेही थकलेल्या पगाराचंच. त्यांच्या जागी वाडू आले. संघ तळाला होता, तळालाच राहिला. ज्याच्या घरी तीन महिने पैसे गेलेले नाहीत, त्या माणसाला नव्वद मिनिटं धावायला सांगणारा कोच रशियाचा असो की काश्मीरचा, फरक कितीसा पडणार?

तिसऱ्या तटाशी माझं खरं भांडण इथे आहे. क्लबच्या नावात मोहमेडन आहे, म्हणून कोच मुसलमान असावा, असं ज्यांना वाटतं, त्यांना मी एवढंच विचारतो: क्लबचा व्यवहार मुसलमानी आहे का? कामगाराचा घाम वाळण्याआधी त्याच्या हातावर मजुरी ठेवावी, ही शिकवण आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. जुम्म्याच्या खुतब्यात ऐकली, घरी अब्बांकडून ऐकली. परमुलुखातून आलेल्या, आपल्या नावासाठी खेळणाऱ्या पोरांची मजुरी अडकवून ठेवायची आणि नवा कोच कुठल्या धर्माचा यावर खल करायचा, ही कुठली दीनदारी? रशियाच्या एका माणसाला त्याचा हक्काचा पगार वेळेवर दिला असता, तर क्लब त्या दिवशी नावाला जास्त जागला असता.

इंग्लंडमधलं एक उदाहरण मला वारंवार आठवतं. मँचेस्टरजवळ ओल्डहॅम नावाचं जुन्या कापड गिरण्यांचं गाव आहे. पाकिस्तानी आणि बांगलादेशी मुळाची वस्ती तिथे मोठी आहे. २००१ मध्ये तिथे वांशिक दंगल झाली होती. तिथला ओल्डहॅम अॅथलेटिक हा संघ १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा तीत होता. नंतर तो घसरत घसरत चौथ्या विभागात आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये कोच म्हणून आले पॉल स्कोल्स. मँचेस्टर युनायटेडचा महान खेळाडू आणि लहानपणापासून ओल्डहॅमचा चाहता. याहून 'आपला' माणूस कुठे मिळायचा! ३१ दिवसांत, सात सामन्यांनंतर त्यांनी राजीनामा दिला. कबूल केल्याप्रमाणे काम करण्याची मोकळीक मिळणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यानंतरही कोच येत राहिले, जात राहिले. २०२२ मध्ये संघ इंग्लिश फुटबॉल लीगमधूनच बाहेर पडला. प्रीमियर लीग खेळलेल्या संघावर अशी वेळ येण्याची ती पहिलीच खेप होती. त्याच वर्षी फ्रँक रॉथवेल या स्थानिक उद्योजकानं क्लब विकत घेतला. तरी चमत्कार झाला नाही, आणखी दोनदा कोच बदलले. पण पायाखालची जमीन हलायची थांबली आणि २०२५ मध्ये मिकी मेलन यांच्या हाताखाली संघ लीगमध्ये परतला. कोचला अर्थ नसतो असं मी म्हणत नाही. मेलन यांचं श्रेय त्यांचंच. पण त्यांना काम करायला वेळ मिळाला, हे त्याआधीचं.

हे सगळं मी इतकं लावून धरतो, कारण ही सवय फुटबॉलपुरती नाही. आपल्या संस्था आठवून पाहा. माझ्या माहितीतल्या एका उर्दू शाळेत सात वर्षांत चार मुख्याध्यापक झाले. दर वेळी मोहल्ल्यात चर्चा एकच: नवे सर कसे आहेत, कुणाच्या नात्यातले आहेत, नमाजी आहेत का. प्रयोगशाळेसाठी जमा केलेल्या पैशांचं काय झालं, हे विचारायला कुणी उभं राहिलं नाही. शिक्षकांचे पगार कधी होतात, हेही नाही. मशिदीचे ट्रस्टी असोत, दर्ग्याचे मुतवल्ली असोत की पतसंस्थेचे चेअरमन, आपण माणसावर बोलतो, हिशेबावर बोलत नाही. माणसावर बोलायला ईर्षा पुरते. हिशेबावर बोलायला कागद वाचावे लागतात आणि शेजाऱ्याशी वाईटपणा घ्यावा लागतो.

मी हे भाईजानांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही म्हणता ते आम्हाला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? पण तिकीट काढून स्टँडमध्ये बसणाऱ्याला दिसतो तो कोचच. क्लबचं खातं दिसत नाही. जे दिसतं त्यावर बोलतो आम्ही. तेही बोलायचं नाही तर मग आमचं काय उरलं?"

या बोलण्याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं आणि त्यात तथ्य आहे हे नाकारता येत नाही. चाहत्याला फक्त टाळ्या आणि शिव्या एवढंच काम ठेवलं, तर तो टाळ्या आणि शिव्याच देणार. अड्ड्यावरचा वाद हा प्रेमाचाच पुरावा आहे. ज्या दिवशी पुढचा कोच कोण हे कुणी विचारणार नाही, त्या दिवशी क्लब खऱ्या अर्थानं मेलेला असेल.

म्हणून वाद बंद करा असं मी सांगत नाही. त्याच अड्ड्यावर, त्याच चहाबरोबर, कोचच्या नावाआधी एक प्रश्न वाढवा, एवढंच सांगतो: गेल्या महिन्याचे पगार झाले का? हा प्रश्न विचारायला फुटबॉल कळावं लागत नाही. मोहमेडनच्या सभासदांनी तो सभेत विचारावा, चाहत्यांनी स्टँडमध्ये फलकावर लिहावा. आणि आपल्याकडच्या शाळा, मशिदी, ट्रस्ट यांच्या दारातही तो विचारला जावा. अमानत नुसती सांभाळायची नसते, ती कशी सांभाळली हे मागणाऱ्याला दाखवायचीही असते.

भाईजानांनी मागच्या आठवड्यात एक नवं नाव सुचवलं आहे. मी त्यांना म्हटलं, नाव चांगलं आहे, पण आधी पगाराचं विचारा. ते म्हणाले, "विचारतो. पण तोपर्यंत सांगा तर खरं, बचावफळीत तीन ठेवणारा कोच बरा की चार?"